एका खुर्चीतली पाच पोरं

माझी धाकटी जाऊ रोज कामावर जाते आणि पाच पोरं होऊन बसते. थट्टा नाही. शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात एक खोली आहे. भिंतभर पडदा, पडद्यावर वर्ग, बाकांवर पाच चित्रातली मुलं. होऊ घातलेले शिक्षक आधी यांना शिकवून बघतात, मग खऱ्या पोरांकडे जातात. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर बोलतो. कसला कॉम्प्युटर! तो फक्त आवाज बारीक करतो आणि तोंडं हलवतो. बोलते ही, पलीकडच्या कोंदट केबिनमध्ये हेडफोन लावून. दीर गेल्यापासून घर याच खुर्चीवर चाललंय.

मागच्या बाकावरची दोन वेण्यांवाली प्राचार्यांच्या डोळ्यांत खुपायची, कारण तिला कधी काही चटकन समजायचं नाही.

"बाई, उद्या पाहुणे आहेत. तिला गप्प बसवा. नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल."

घरी येऊन ही म्हणते, "जाऊबाई, नुसत्या माना डोलावणारी पोरं मी नाही करायची."

"अगं, नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

निवृत्त शिक्षिका म्हणून पाहुण्यांत मीही होते. प्राचार्य स्वतःच अपूर्णांक शिकवायला उभे राहिले. "समजलं ना?" चार माना डोलल्या. वेण्यांवालीनं हात वर केला.

"सर, चार दोनापेक्षा मोठे. मग पाव अर्ध्यापेक्षा लहान कसा?"

प्राचार्यांनी मघाचंच वाक्य पुन्हा म्हटलं, वरच्या पट्टीत.

"ऐकू आलं सर. समजलं नाही."

पाहुणे हसले. प्राचार्य लालबुंद. पडद्याकडे बोट करून ओरडले, "वर्गाबाहेर हो!"

"होते सर. पण या चित्रात दार काढलेलंच नाही."

मी खो खो हसले, लाज कसली! प्राचार्य तरातरा केबिनमध्ये शिरले. "आत्ता माफी मागा!" हिच्या तोंडापुढचा माइक चालूच होता. त्यामुळे उत्तर पडद्यावरच्या वेण्यांवालीच्या तोंडून, तिच्याच बारीक आवाजात, खोलीभर ऐकू आलं: "नाही मागणार. अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांनाही काढून टाकणार का?"

पाहुण्यांदेखत काढता येईना. नंतर निरोप आला: लेखी माफी द्या, मग बघू. ही देत नाही. रोज वेळेवर जाते, हेडफोन लावते आणि 'समजलं नाही' म्हणते. काढायचं तर काढा म्हणावं.