पदराच्या गाठीतली अफू

लढाईच्या वर्षांत मी सांगलीच्या एका दवाखान्यात आया होते. माहेर माणदेशात, मेंढरांमागं फिरणारं. तिसरीतच शाळा सुटलेल्या मला सिस्टरांनी कामाला घेतलं. त्या उपकाराखाली मी इतकी वाकलेली, की साधं भांडं हातातून निसटलं तरी आता काढून टाकतील म्हणून रडू फुटायचं.

खेड्यांतल्या बायकांना त्यांच्या बोलीत समजावायचं काम माझ्याकडं होतं. रानात जाताना पोर निजावं म्हणून त्या मुगाएवढी अफू दुधात उगाळून द्यायच्या. मी ओरडायचे, "पोराला इख घालतीस व्हय गं? माणूस हायस का कोण?" सिस्टर खूश व्हायच्या. माझी आईही तेच करायची, हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी व्हरांड्यात मी अशीच एकीची पुडी हिसकून मोरीत टाकली. शेजारी पलूसकडची एक बाई बसली होती. नवरा पलटणीत, मांडीवर तीन वर्षांची लेक. गुऱ्हाळात उकळती काकवी सांडून पोरीचा पाय भाजला होता.

तिला आत घेतलं. जखम धुताना दुखू नये म्हणून डॉक्टरांनी मॉर्फियाची सुई द्यायला सांगितली. सिस्टर मला म्हणाल्या, "विचार हिला, घरून काही दिलंय का."

"न्हाई बया, काय बी न्हाई," बाई म्हणाली. डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं बघत.

सुई भरून झाली. तेवढ्यात पोरीचा भाजलेला पाय खाटेच्या कडेला लागला आणि पोर रडली नाही. नुसती पापणी हलली. ती झोप माझ्या ओळखीची होती. माझा धाकटा भाऊ तसाच निजायचा.

"सिस्टर, थांबा," म्हणत मी बाईपुढं बसले. "आवं, आमच्या आयनं बी आमाला दिलीया, मेंढरांमागं जाताना. मी वराडत न्हाई आता. कवा दिली तेवढं सांगा. सुईत अफूचंच औषध हाय. दोन्ही मिळून पोर उठायची न्हाई."

सिस्टर ऐकत होत्या. माझे कान तापले.

बाईनं पदराची गाठ सोडून पुडी दाखवली. "गाडीत लय वरडत व्हती वं. निघताना दिली, परत पुलावर दिली. मगाशी तुमी त्या बाईला बोललासा, म्हनून..."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली, पोरीच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि तिच्या श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुपारनंतर पोर जागी झाली, दवाखाना डोक्यावर घेऊन रडली. मला हायसं वाटलं. लेकराच्या कळवळण्यानं हायसं वाटतंय, याचीही शरम वाटली. मग तिला बेतानं सुई दिली.

"हिच्यामुळं पोर वाचली," सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, कौतुकानं लाजली. 'म्हनून'च्या पुढचं बाई बोलली नव्हती. मीही बोलले नाही.

संध्याकाळी बाईनं फडक्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली. "खावा. तुमी बी आमच्यातल्याच की."

नाही म्हणवेना. पहिलाच घास मी कितीतरी वेळ चावत राहिले. तिला वाटलं, भाकरी कोरडी आहे. तिनं पाणी पुढं केलं.