खुंटीवरचं मुसकं

शिंक आली. एवढाच माझा गुन्हा.

हिंगोलीच्या आमच्या कारखान्यात सोनारांचे काटे बनायचे. काचेच्या पेटीतले, नाजूक. पेटी उघडून पारडं जुळवताना श्वास धरायचा, हा तिथला पहिला नियम. मी मात्र त्या दिवशी डब्यातल्या ठेच्यावर जरा जास्तच प्रेम केलं होतं. नाकानं दगा दिला. पारड्यातली गव्हाच्या कोंड्याएवढी वजनं टेबलाखाली उडाली आणि मी शेठसमोर रांगत, फरशी चाचपत.

शेठ ओरडला नाही. त्यानं शेतावर न्यायला घेतलेलं बैलाचं मुसकं गाडीतून मागवलं. खळ्यावर बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात ते, दोरीच्या जाळीचं.

"बांध. संध्याकाळपर्यंत काढायचं नाही."

मी बांधलं. सगळे हसले. मीही हसलो. जाळीतून हसू कसं दिसतं, ते शेठनं वाकून पाहिलं. घरी येऊन लेकरांना हा किस्सा मी बैलासारखी मान हलवून सांगितला. लेकरं लोळली. बायको तेवढी हसली नाही. भाकरी थापत राहिली.

पुढं ते मुसकं कारखान्यातल्या खुंटीवर कायमचं आलं. चुकेल त्याच्या तोंडाला.

मी कामाला लागलो तेव्हा महिन्याचा पगार होता, दिवाळीला बोनस. मग रोजावर टाकलं. आलास तर पैसे, नाहीतर नाही. मग बाजारात बॅटरीवरचे काटे आले, आमच्या काट्यांचं गिऱ्हाईक तुटलं. तोटा कोणाच्या अंगावर टाकायचा? एका शनिवारी शेठनं सगळ्यांना उभं केलं.

"पुढच्या महिन्यापासून नगावर. पास होईल त्याच काट्याचे पैसे."

पास करणार शेठचा मेहुणा. तो काटा कमी आणि माणसाचं तोंड जास्त बघायचा.

"कोणाला काही बोलायचंय?"

माझी नजर चपलेवर. सगळ्यांचीच. रफिकचाचा तेवढे पुढं झाले. आमच्यात सगळ्यात जुने. पितळ घासून घासून छातीत खोकला बसलेला.

"शेठ, महिने का पगार चालू करो. नापास का नुकसान हम पे काहे को..."

खोकला आला. वाक्य तुटलं. शेठनं खुंटीकडं बोट केलं.

"आधी ते बांध. मग बोल."

मेहुण्यानं मुसकं काढलं. चाचांनी आपणहून हनुवटी वर केली. बैल करतो तशी.

ते पाहवलं नाही. पाय कधी उचलले, कळलं नाही. वाटेत स्टूल आडवं आलं, गुडघा फुटला. माझ्या शौर्यात असलं काहीतरी असतंच. लंगडत गेलो. मेहुण्याच्या हातातून मुसकं ओढलं.

"शेठ, बैलानं खाऊ न्हाई म्हणून हे बांधतात. आमी तुमचं काय खाल्लं?"

"कोणाशी बोलतोयस?"

"तुमच्याशीच बोलून राहिलो. आमचं खाऊन कोण राहिलं? त्याच्या तोंडाला बांधा."

कोणी हसलं नाही. शेठही नाही.

"बाहेर हो. परत यायचं नाही."

निघालो. मागून खोकल्याचा आवाज येत राहिला. वळून पाहिलं, चाचाही फाटकाबाहेर आले होते.

गावाकडं, साखऱ्याला जाणाऱ्या एसटीत माणसं माझ्याकडं टक लावून बघायला लागली, तेव्हा ध्यानात आलं. मुसकं माझ्या हातातच होतं.

घरी उंबऱ्यावर ठेवलं. झालं ते सगळं सांगितलं. बायकोनं मुसकं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"चाचाला बांधाया लागले तवा तुमी बोलले. सोताला बांधलं तवा हसले."

तिनं मुसकं पिशवीत कोंबलं, पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली.

"सोमवारी मी बी येते. चाचाला बी निरोप धाडा. पगार महिन्यावर केल्याबिगर फाटकातून उठाचं न्हाई. अन् एक ध्यानात ठिवा, तिथं हसाचं न्हाई."