उत्तमला मी सांगितलेलं पुणं

महिना झाला. मी टपरीवर दूध उतू घालवत होतो, ते मला बराबर जमतं, तवा उत्तमच्या थोरल्या पोरीचा पुण्याहून फोन आला. "काका, बाबा मशीनवरच..." उत्तम शिवता शिवताच गेला होता. मी आपला "हां, हां" करत राहिलो, जशी काय ती दुधाचा भाव सांगून राहिली. मला लिहिता येत न्हाई. हे मी बोलून राहिलो अन् भाची लिहून राहिली.

उत्तम म्हंजे जवळा बाजारचा टेलर, माझा लहानपणापासूनचा दोस्त. पोरींना शिकवायला पुण्याला जावं असं त्याच्या मनात आलं, तवा तो वहिनीला घेऊन माझ्याकडंच आला. काहून? तर पुण्यात आठ महिने राहून आलेला शहाणा मी एकटाच. "सुपरवायझर होतो," असं अख्ख्या बाजारात सांगितलेलं. खरं तर मी एका बिल्डिंगीचा वॉचमन. जिन्याखालच्या खोलीत फुकट राहायचो, पाणी-लाइट बिल्डिंगीचं, भाजी फ्लॅटवाल्या बायांची, अंगातला शर्टबी त्यायच्या मालकांचा. "चौघांला महिन्याला किती लागंल, खरं सांग," उत्तम म्हनला. मी म्हनलं, "काय लागतंय रे! मला तर काईच लागलं न्हाई." वहिनी म्हनल्या, "मंग भाऊजी, येताना रिकाम्या हातानं काहून आले?" "शौक, वहिनी, शौक!" तिघंबी हसलो. खरं बोलायची तीच येळ होती... पण सुपरवायझरला लाज असते.

दुकान दुसऱ्याला देऊन तो गेला. वर्षानं मी भेटायला गेलो तर प्यायचं पाणी इकत, कढीपत्ताबी इकत. दिवसभर कारखान्यात शिवायचा, घरी आला की साड्यांना फॉल. बीपीची गोळी एक दिवसाआड. मी बोललो तर म्हनला, "अर्धं बीपी गावाकडंच सोडून आलो बाप्या, अर्ध्याला अर्ध्याच गोळ्या." जोक माझ्यापेक्षा भारी होता. मी हसलो. माझ्याच्यानं दुसरं काय होतं?

दहाव्याला पुण्याला गेलो, तवा वहिनीपुढं सगळं कबूल केलं. त्या शांतपणे म्हनल्या, "ठावं हाय, भाऊजी. पैल्याच महिन्यात ते तुमच्या बिल्डिंगीत गेले होते, तिकडं खोली स्वस्त भेटते का बघायला. तिथल्या वॉचमननं तुमची जिन्याखालची खोली दाखवली."

"मंग मला काहून बोलला न्हाई?"

"म्हनले, गावात त्याची तेवढीच इज्जत हाय. राहू दे."

मंग त्यायनी इचारलं, "आता राहू का गावाकडं येऊ?" राहिलं तर भाडं कोण भरणार, आलं तर पोरींची शाळा सुटणार, अन् गावात तरी काय उरलंय... मी चपला घातल्या. आल्या तशा उलट्या पायात घातल्या, ते जिना उतरल्यावर कळलं.

त्याच्या दुकानात आता मोबाईलचे कव्हर इकतात. आतल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा तशाच हायेत. शाळेचा ड्रेस शिवायच्या आधी उत्तम लेकरांना त्या भिंतीला उभं करायचा, टेप नंतर. सगळ्यात खालची रेघ त्याच्या थोरलीची, बालवाडीत जायच्या येळची. बाजाराच्या दिवशी मी तिथं जाऊन बसतो. मागच्या बाजाराला एकजण बायको-लेकरं घेऊन पुण्याला निघाला होता, त्यानं खर्चाचं इचारलं. मी सगळं खरं सांगितलं, वॉचमनगिरीपासून मशीनवर मेलेल्या माणसापर्यंत. तो पोट धरून हसला. "तुमी म्हंजे काय बी सांगता राव," म्हनला, अन् जीपवर गादी बांधाया लागला.