'घर' आणि 'कुलूप': दहापैकी किती?

मास्तरकीतून निवृत्त झालो, बायको गेली, मुलगा पुण्यात रमला. देवगाव रंगारीचं शेत बटईनं दिलं आणि मी शहरात क्रांती चौकामागच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. जवळच एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात चांगलं मराठी जाणणारी माणसं हवी होती. गेलो. पगार यथातथाच, पण दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं तेवढीच, म्हणून ते काम मला जिवापाड हवं होतं.

काम लई अजब. कॉम्प्युटरात शब्दांचं झाड केलेलं. आंबा फळाखाली, फळ खाण्याच्या वस्तूंखाली, असं वर चढत जायचं. दोन शब्द कुठं भेटतात ते बघून मधल्या पायऱ्या मोजायच्या. पायऱ्या कमी, तर नातं जवळचं. यंत्राची मोजणी खरी का, हे ताडायला आम्ही तिघं प्रत्येक जोडीला दहापैकी गुण द्यायचो, एकमेकांना न विचारता. ज्याचे गुण सारखे फटकून असतील, त्याचे कागद बाद आणि तोही बाद.

एकदा जोडी आली, 'घर' आणि 'कुलूप'. झाडावर घर इमारतींत, कुलूप अवजारांत. कुठल्या कुठं अंतर. यंत्राला काय डोंबल कळतंय, म्हणत मी डोळे झाकून दहा दिले.

बाकी दोघांचे निघाले तीन-तीन. त्या आठवड्यात माझं असं चौथ्यांदा झालं होतं. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी तिघांना बोलावलं. "आणखी एकदा झालं तर माझा नाइलाज होईल, वाटलं तर या गुणांचा फेरविचार करा," असं त्या मला नरमाईनं म्हणाल्या.

आमच्यातली एक पोरगी रोज खुलताबादहून एसटीनं यायची, मला चाचा म्हणायची. तिच्या घरी चौदा माणसं. उरसाला सगळे दर्ग्यात गेले तरी कुणीतरी मागं असतंच.

"आमच्या घराला कुलूप लागलेलं मी कधी बघितलंच नाय, चाचा," ती म्हणाली. "तुमच्या घरी कुणी नसतं व्हय?"

मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

"असतात की," मी म्हणालो. "सून आहे, दोन नातवंडं आहेत. नुसता गोंगाट."

दहा खोडून तीन लिहिले. तिघांचं जुळलं, मॅडम खूश झाल्या. पोरगीही खुलली. येत्या रविवारी नातवंडांना बघायला येते म्हणाली, येताना त्यांना खाऊ म्हणून खाजा आणते म्हणाली.

"नको गं," मी म्हणालो. "रविवारी आम्ही सगळे बाहेर असतो."