मखमलच्या हाताखालचा पडदा

पडदा उघडला की टाळ्या घ्यायच्या आणि पडला की चहा प्यायचा, यात माझं आयुष्य गेलं. पडदा कोण शिवतं, हे विचारायची फुरसत नटाला कुठली? मला ते ठाऊक होतं, कारण शिवणारी बाई मला रोज फैलावर घ्यायची.

"राजे, मागे सरा! तुमची तलवार माझ्या मशीनमध्ये अडकली तर युद्धाला कात्री घेऊन जावं लागेल."

आमच्या नाटकमंडळीत मी राजांच्या भूमिका करायचो म्हणून तिच्या तोंडी मी राजे. ती कपडेपट सांभाळायची. बोलणं इतकं खरखरीत की कुणीतरी थट्टेने तिला मखमल म्हटलं आणि नाव अंगाला चिकटलं. मंडळी बंद पडल्यावर आम्ही नट मिळेल त्या वाटेने पांगलो. मखमलने मात्र मंडळीचं जुनं शिलाई मशीन मागून घेतलं, एका गॅरेजात मांडलं आणि नाट्यगृहांचे पडदे शिवायला बसली. सोबत घेतलं ते आमच्याच एका भालदाराला. त्या गृहस्थाच्या हातात भाला कधी सरळ उभा राहिला नाही, पण कापड असं सरळ कापायचा की आखलेली रेघ लाजेल. तो पुढे कटिंग मास्तर झाला.

आज त्या गॅरेजाची कंपनी झाली आहे. उंच छताची शेड, भिंतीला लागून मखमलीचे तागे, मध्यभागी एक लांबलचक टेबल. दारावरच्या पाटीवर 'मखमल' एवढंच. कितीतरी नाट्यगृहांत मी पाहुणा म्हणून जातो, पडद्याची खालची दुमड हळूच उलटून बघतो आणि तिथे तिच्या कंपनीची शिलाई दिसली की शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतो, "ही आमची बरं का!" अभिमानाला वयाची अट नाही.

तिच्याकडे एकदा आलेला माणूस सहसा जात नाही. याचं गुपित मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "गुपित कसलं आलंय? कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सासू छळते, हे मला माहीत असतं. आणि मी कुणाला छळते हे त्यांना माहीत असतं. उगाच लपवाछपवी नाही."

तिचा एक नियम तर मला फार आवडतो. ज्यांनी पडदा शिवला, त्यांनीच तो टांगायला जायचं आणि मग प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून तो उघडताना बघायचा. "आयुष्यभर कापडाची मागची बाजू बघत शिवायचं आणि पुढची दुसऱ्यांनी बघायची? हे काही बरोबर नाही," असं तिचं म्हणणं.

दुसरा नियम टेबलाचा. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर हाताला अडते. पडद्याच्या सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. एखादा पट्टा उलटा लागला, तर रंगमंचाचा प्रकाश पडताच तो वेगळ्याच रंगाचा दिसतो, जणू कुणी जुन्या पडद्याचं ठिगळ लावलंय. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली हा फरक डोळ्याला कळत नाही, हाताला कळतो. म्हणून पट्टे जोडण्याआधी मखमल स्वतः टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत जायची. तिने "चल" म्हटल्याशिवाय मशीन चालायचं नाही. गॅरेजच्या दिवसांपासून हेच.

यंदा तिची लेक माझ्याकडे आली. ऑफिस तीच सांभाळते, हुशार आहे, बोलते मोजकं.

"काका, आईला समजवा ना. आता टेबल सोडायला सांगा."

"का गं? काही चुकलं का तिच्या हातून?"

तिने माझ्या खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं. "वय झालंय, एवढंच."

मी गेलो. मखमलने ऐकून घेतलं आणि चहाचा कप बशीवर आपटला.

"राजे, ऐका. ज्या दिवशी उलट्या लवेचा पट्टा माझ्या हाताखालून निसटेल, त्या दिवशी मी आपणहून टेबल सोडीन. कुणी सांगायला नको. तोवर माझ्या टेबलाकडे कुणी डोळे लावायचे नाहीत. तुम्हीसुद्धा."

मी चहा संपवून उठलो. राजांनाही सल्ल्याला वजीर लागतो, आणि माझ्याकडे तो नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या नाट्यगृहाचा पडदा टांगायचा होता. मोठं काम, कंपनीने आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यांत मोठं. मखमलने मला मुद्दाम बोलावलं. दुपारची वेळ, रिकामं सभागृह, नव्या खुर्च्यांचा वास. शिवणाऱ्या बायका पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, त्यांच्यात सगळ्यांत जुन्या काकूही. या काकू तात्पुरत्या कामाला म्हणून आल्या होत्या आणि आता त्यांच्या सुनाही तिथेच शिवतात. नाट्यगृहाचे मॅनेजर हात चोळत उभे. कटिंग मास्तर मात्र नव्हते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे महिनाभर रजेवर होते.

प्रकाशवाल्याने दिवे सोडले. पडदा लालबुंद उजळला, आणि उजव्या अंगाला एक पट्टा फिका, पार फिका, वरपासून खालपर्यंत.

"वाहवा!" मॅनेजर म्हणाले. "तो तिकडे सावलीचा पट्टा काय झकास दिसतोय! मुद्दाम केलात का?"

पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. मखमल उभी राहिली. तिची नजर अजून घारीसारखी आहे.

"उतरवा," ती म्हणाली.

"अहो, परवा उद्घाटन आहे!"

"पडद्याला ते माहीत नाही. उतरवा. साहेब, ही सावली नाही, आमची चूक आहे. पट्टा उलटा लागलाय. परवाच्या आत सरळ करून टांगून देते."

मॅनेजर गोंधळले. "पण कुणाच्या लक्षातही आलं नसतं हो."

"आज नसतं आलं. पुढच्या वर्षी कुणीतरी बोट दाखवलं असतं आणि मग माझ्या प्रत्येक पडद्याकडे तुम्ही डोळे बारीक करून बघितलं असतं. मला तुमच्याशी एकाच पडद्यापुरतं नातं नाही ठेवायचं."

मॅनेजर दोरवाल्याला हाक मारायला आत गेले, तशी ती पहिल्या रांगेकडे वळली. आवाज एकदम खाली आला. आमच्या धंद्यात असा आवाज फार मुरलेल्या नटाला जमतो.

"काकू, हा पट्टा माझ्या हाताखालून गेला ना?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून निसटलं, "मास्तर रजेवर होते ना..."

"मास्तरांचा इथे काय संबंध?"

आता काकूंना रडू फुटलं, आणि सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी मखमलच्या बोटांत मुंग्या येऊ लागल्या, आणि तेव्हापासून तिच्या हाताला लव नीट कळत नव्हती. तिला स्वतःला ते उमगलंच नव्हतं, सवयीने हात फिरायचा आणि सवयीनेच "चल" निघायचं. मास्तरांनी पहिला उलटा पट्टा पकडला तेव्हा ते कुणाला काही बोलले नाहीत. ती जेवायला गेल्यावर त्यांनी तो फिरवून ठेवला. मग रोजचंच झालं. ती "चल" म्हणायची, पट्टे मशीनवर जायचे, पण मशीन चालवणारी बाई काहीतरी निमित्त काढून थांबायची. कुणाची सुई मोडायची, कुणाला पाणी प्यायचं असायचं. मखमल जेवायला गेली की मास्तर पुन्हा हात फिरवायचे. साऱ्या शेडला माहीत होतं. लेकीलाही. मास्तर रजेवर गेल्यावर हे काम काकूंकडे आलं, आणि हा पट्टा जोडायच्या दिवशी नेमकी काकूंची नात पडली म्हणून त्या घरी धावल्या.

"म्हणजे दोन वर्षं," मखमल म्हणाली, "मी टेबलाभोवती नुसती फेऱ्या मारत होते. आणि तुम्ही सगळे माझं कौतुक करत होतात."

ती चौथ्या रांगेत जाऊन बसली. मी शेजारी बसलो. माझ्याच्याने राहवेना.

"मखमल, रंगमंचावर असंच असतं. एखादा संवाद विसरला तर समोरचा नट सांभाळून घेतो. मला किती जणांनी सांभाळलंय! त्यात कमीपणा कसला?"

"समोरचा सांभाळतो, राजे. तुम्ही अडखळलात तर त्याच्या डोळ्यांत तुम्हाला दिसतं. यांनी मागून सांभाळलं."

रंगमंचावर दोरखंड सैल होत होते, लाल पडदा घडी घेत खाली येत होता, आणि बायका तो जमिनीला लागू नये म्हणून हातांवर झेलत होत्या. काकू डोळे पुसत सगळ्यांना ओरडत होत्या, "अगं, चुरगळू नका! लव बसेल!"

मखमल बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"एवढी माणसं, एवढी तोंडं, आणि दोन वर्षांत एक शब्द बाहेर नाही. तुमच्या मंडळीत कुणाच्या पोटात चहाही टिकत नव्हता, राजे!"

"आम्हाला काय, आम्ही नट," मी म्हणालो. "आमच्यापेक्षा तुझ्या बायका पट्टीच्या निघाल्या. रोज सुई मोडून दाखवायची आणि चेहऱ्यावर काही नाही!"

"मला वाटायचं सुया हलक्या येतायत. त्या सुईवाल्याशी मी भांडून भांडून त्याचा जीव नकोसा केला." मग ती पुटपुटली, "मी म्हणायचे, ही कंपनी माझ्या हातावर उभी आहे. हात गेला तरी दोन वर्षं उभीच आहे की."

हे वाक्य तिने अशा काही तोऱ्यात म्हटलं, की मला मुलगा वर्गात पहिला आल्याचं सांगणारी एखादी आई आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये हजर. नाटक अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांतला मी नाही. मास्तर डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले होते, डॉक्टरांचं न ऐकता.

"या, चोरांचे सरदार," मखमल म्हणाली. "तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच क्षणी टेबल सोडलं असतं," मास्तर म्हणाले.

"मग सोडलं असतं!"

लेक मध्ये पडली. "आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बसून भिंतीकडे बघत राहिली असतीस. आई, आम्ही ते बघू शकलो नसतो. बाबा कामावरून निवृत्त झाले आणि त्यांचं काय झालं, ते आपण बघितलंय."

मखमल लेकीपाशी गेली. मग तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "तू तरी सांगायचंस. मी काय काचेची आहे?"

सगळे टेबलाभोवती जमले. उलटा पट्टा उसवून पसरला होता, त्याची वरची पट्टी आणि खालची दुमड सुटी केलेली. मखमल नेहमीच्या जागी उभी नव्हती.

"ऐका गं सगळ्या. मी शब्द दिला होता, तो पाळतेय. टेबल आजपासून काकूंचं. काकूंनी हात फिरवायचा, मग मास्तरांनी. एकमेकांसमोर. एकाला शंका आली तर तोंडावर सांगायची. आणि कुणाचा हात थकला, मग तो काकूंचा असो की मास्तरांचा, तर सुया मोडायच्या नाहीत."

काकू मागे सरकल्या. "ताई, मला नाही हो जमणार."

"इतके दिवस माझ्या पाठीमागे बरं जमलं!"

शेडमध्ये हशा पिकला. काकूंनी पदर खोचला, तळहात पट्ट्यावर टेकवला आणि चालू लागल्या. मधेच थांबल्या, मागे आल्या, पुन्हा गेल्या. मास्तर एका डोळ्याने त्यांच्या मागोमाग. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

तोवर मखमल कोपऱ्यातल्या एका मशीनवर जाऊन बसली होती. शिवायला हाताला लव कळावी लागत नाही, दिसावं लागतं, आणि ते तिला छान दिसतं. पट्टा तिच्यापाशी आला, तिने मान वाकवली आणि मशीन सुरू केलं. शिलाई बघायला मी वाकलो, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं.

पडदा वेळेत टांगला गेला, आणि त्या मॅनेजरांनी दुसऱ्या एका नाट्यगृहाचं काम याच कंपनीला द्यायला सांगितलं, हे मला लेकीकडून नंतर कळलं. परवा मी पुन्हा शेडमध्ये गेलो होतो. जेवणाची वेळ टळून गेली होती. लेक आईच्या मशीनपाशी उभी होती.

"आई, ऊठ आता. जेवून घे."

"थांब गं, हा पट्टा होऊ दे," मखमल मान वर न करता म्हणाली. "काकू रागावतील."