मेट्रनचे तीन दिवस

गल्लीत तिला सगळे मेट्रन म्हणत. मेट्रन ती कधीच नव्हती. तीस वर्षं इस्पितळाच्या लाद्या पुसून निवृत्त झाली होती. पण तिच्या वॉर्डात ओल्या फरशीवर पाय टाकण्याआधी डॉक्टरसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत, त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. सुनेला मात्र त्यात कौतुक वाटत नसे. तिच्या मते सासूबाई निवृत्त झाल्या आणि घराच्या हात धुऊन मागे लागल्या.

सुनेचा नवरा सहा आठवडे कॅन्सरच्या उपचारांसाठी इस्पितळात होता. शुक्रवारी त्याला घरी सोडणार होते. अंगात ताकद अशी उरली नव्हती. साधे जुलाबसुद्धा जिवावर बेततील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकी मंगळवारी त्यांची सात वर्षांची लेक शाळेतली साथ घेऊन घरी आली नि बैठकीत भडाभडा ओकली. लेकीला तिचा मामा आजोळी घेऊन गेला आणि घरात या दोघी उरल्या.

सुनेने घाईघाईने बादलीत ब्लीच ओतलं. आणखी जालीम व्हावं म्हणून संडासाच्या ॲसिडची बाटलीही ती उपडी करणार, तोच मेट्रनने तिला दंडाला धरून मागे खेचलं.

"वेडी आहेस का? हे दोन्ही एकत्र केलंस तर जंतू राहतील बाजूला, आपणच जाऊ!"

"मग काय करू? मला नाही कळत यातलं," म्हणत सून रडायलाच लागली.

"रड, पण आधी खिडक्या उघड."

मग मेट्रनने पदवीधर सुनेची शिकवणी घेतली. ओकारी कागदाने उचलायची, जागा साबणाने घासायची, मगच ब्लीच; घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच वाया जातं. आणि लावलं की लगेच पुसायचं नाही, दहा मिनिटं नुसतं बसायचं. सुनेला हे बसणंच जड जाई. दुसऱ्याच मिनिटाला तिचा हात फडक्याकडे वळे.

"ठेव ते खाली. त्याला त्याचं काम करू दे."

कड्या, दिव्यांची बटणं, टीव्हीचा रिमोट, नळ, काही म्हणून सुटलं नाही. चादरी न झटकता गरम पाण्यात गेल्या. संडास सगळ्यात शेवटी, आणि तिथलं फडकं तिथेच. मेट्रनचे गुडघे कुरकुरले, ती कुरकुरली नाही. खरं सांगायचं तर इतकं देखणं काम सुनेने आजवर पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मेट्रनने ठेवणीतले कपडे काढले. सहा आठवड्यांत तिने पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. भेटायला एकालाच सोडत, आणि तो मान तिने सुनेला दिला होता. नऊच्या सुमारास ती भिंतीला धरून संडासातून बाहेर आली.

"मला उलटी झाली."

"दगदगीने असेल, आई. कुणाला सांगू नका. इतके दिवस वाट पाहिलीत, जरा लांब बसा म्हणजे झालं."

"दगदगीची कोणती नि साथीची कोणती, ते मला नको सांगूस. तीस वर्षं पुसलीत."

ती मागच्या खोलीत गेली. त्या खोलीचा संडास वेगळा, दार परसात उघडणारं. घरातला संडास सुनेने पुन्हा धुतला, एकटीने, आणि पुरती दहा मिनिटं थांबली.

दुपारी तो आला. डोक्यावर केस नाहीत, कपडे अंगावर लोंबताहेत. तो तडक मागच्या खिडकीपाशी गेला.

"आई, उघड ना दार. दोनच मिनिटं."

"काचेला हात लावू नकोस!" आतून ठणठणीत आवाज आला. "पाच दिवसांनी बघू. जेवलास का?"

तो हसला आणि घरात गेला. सून मागे रेंगाळली, म्हणून तिला काचेतून दिसलं. मेट्रन दाराशी जमिनीवर बसली होती. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडावर टॉवेल दाबून धरला होता. दार बाहेरून कुणीच लावलं नव्हतं. कडी आतल्या बाजूला, तिच्या हाताशी होती.