स्ट्रायकरच्या हिशेबाने घेतलेला माऊस

चहा पिऊन घ्या आधी. तोंडात घोट असताना हे ऐकलंत तर समोरच्याचा शर्ट खराब होईल. गाढवपणा माझा आहे, म्हणून मीच सांगणार. बायकोला सांगू दिला तर दुप्पट करून सांगते.

आमची नात सायली कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घोडपदेवच्या आमच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर आहे, त्यावर ती बंदुकीचा गेम खेळते. चाळीतल्या बायका नाकं मुरडतात. पोरगी दिवसभर ठो-ठो करते म्हणे. करू दे की! तुमच्या पोरी काय मोबाईलमध्ये तोंड घालून जप करतात?

तर कॉलेजची त्या गेमची टीम होती. पाच जणांची. चार ठरलेले, एक जागा रिकामी. त्या एका जागेसाठी रविवारी चाचणी. सायली महिनाभर घासत होती आणि नेमका तिचा माऊस बिघडला. एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करायचा. म्हणजे गोळी एक मारायची तर दोन सुटायच्या.

"आजोबा, लॅमिंग्टन रोडवरून आणाल? मला प्रॅक्टिकल आहेत. नाव लिहून देते, हजाराच्या आतला आहे."

"नाव कशाला? मला काय माल पारखता येत नाही?"

तरी तिने चिठ्ठी खिशात कोंबलीच.

आता माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांनी माझ्या कटकटीला कंटाळून वर ढकललं म्हणून. पण कॅरम! गिरणी चालू होती तेव्हापासून खेळतोय. चाळीत आजही माझ्यासमोर बसायचं तर माणूस आधी पाणी पिऊन येतो. मी म्हटलं, माऊस म्हणजे वेगळं काय? हाताखाली धरायचा, नेम धरायचा, समोरच्याला उडवायचा. आणि स्ट्रायकरचा नियम एकच, जड घ्यायचा. हलका स्ट्रायकर सोंगटीला धडकतो आणि मुलगी बघायला जाऊन नकार घेऊन आलेल्या मुलासारखा परत येतो.

दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि एक माऊस पुढे ठेवला. मी उचलला. वजनच नाही! वरून बघतो तर पाठीला भोकंच भोकं. वडे तळायचा झारा बरा.

"काय रे, उंदराने कुरतडलेला माल मला देतोस?"

"काका, डिझाइनच तसं आहे. हलका राहावा म्हणून. गेमवाले हाच मागतात."

"भोकं पाडून वजन कमी करतोस आणि पैसे पूर्ण घेतोस? दुसरा दाखव. चांगला दणकट."

मग त्याने कपाटाच्या तळातून एक काढला. वा! हातात घेतल्यावर कळलं, काहीतरी घेतलंय. पोटात लोखंडाचे तुकडे होते, हवं तर काढायचे, हवं तर घालायचे. लाल-निळे दिवे वेगळेच.

"सगळे तुकडे घाल."

"काका, पुन्हा सांगतो, शूटिंगच्या गेमला..."

"तू कॅरम खेळतोस?"

"नाही."

"मग गप बस आणि पॅक कर."

संध्याकाळी सायलीने डबा उघडला. पोरगी शहाणी आहे. नुसती म्हणाली, "छान आहेत हो दिवे." तुकडे काढून पाहिले, तरी तो जडच. मग खेळायला बसली आणि मी मागे खुर्ची टाकून बसलो, माझ्या खरेदीचा पराक्रम बघायला. काय बघितलं? पोरगी मरतेय. पुन्हा उठतेय, पुन्हा मरतेय. रात्री मैत्रिणीला फोनवर हळू आवाजात सांगत होती, "अगं, वळेपर्यंत समोरचा मारून मोकळा होतो. हाताने ओढवत नाही. जाऊ दे, आजोबांनी हौसेने आणलाय."

ते 'जाऊ दे' छातीत बसलं माझ्या. टीमची जागा सोडायला तयार, पण मला बोलायला तयार नाही!

पण चूक कबूल करेल तो मी कसला? मी म्हटलं, माऊस बरोबर आहे, बोर्ड घासतोय. आणि बोर्ड घासत असेल तर काय करतात? सांगा ना! पावडर टाकतात!

शनिवारी सकाळी ती कॉलेजला गेली आणि मी कॅरमच्या पावडरचा डबा काढला. माऊसखालच्या त्या कापडी चटईवर मस्त भुरभुरली, तळव्याने पसरली आणि माऊस सोडला. अहाहा! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता सुळकन्! मी एकटाच टाळी वाजवली.

मग पडद्याकडे बघितलं. तो बाण जागच्या जागी थंडी भरल्यासारखा कापत होता. माऊस उलटा केला तर पोटाखालचा डोळा पावडरीने गच्च भरलेला. फुंकर मारली, अजून आत गेली. म्हणून ओलं फडकं घेतलं. ओलं फडकं आणि पावडर! सगळा चिखल झाला.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, तुमी तो माऊस दुरुस्त करतास काय घावणे घालतास?"

तेवढ्यात लाल-निळे दिवे गेले.

दुपारी सायली आली. मी सगळं सांगितलं, मान खाली घालून. उद्या चाचणी, घरात माऊस नाही. मला वाटलं आता रडेल. ती पांढरी चटई बघून खाली बसली आणि पोट धरून हसली.

"आजोबा, चपला घाला. दुकान बंद व्हायच्या आत."

दुकानदाराने आम्हाला बघितलं, तो चिखल झालेला माऊस उघडला, काउंटरवर ढेकळं पडली. "काका, हे काय?"

"तू कॅरम खेळत नाहीस. तुला नाही कळणार."

सायलीने तो भोकंवाला उचलला आणि काउंटरवरच हलवून बघितला. मी पहिल्यांदा नीट तिचा हात बघितला. पोरगी स्ट्रायकरसारखा मारत नव्हती हो. झटकन नेत होती आणि पाहिजे तिथे टक्क थांबवत होती. जड वस्तू अशी थांबते होय? माझी सगळी अक्कल तिथे जिरली.

रविवारी मी कॅरमलासुद्धा बसलो नाही. दोन वाजता फोन आला. "आजोबा, घेतलं मला! पाचवी मीच!"

मी पेढे घेऊन चारही मजले फिरलो. नाकं मुरडणाऱ्या बायकांना दोन-दोन दिले.

संध्याकाळी टीममधल्या तीन पोरी घरी आल्या. त्यांनाही नवे माऊस घ्यायचे होते, स्वस्तात, आणि मला दुकानात घेऊन जायचं म्हणत होत्या. माझी छाती अशी फुगली! म्हटलं, शेवटी पारख ती पारख.

"सायलीने सांगितलं का तुम्हाला, माझ्याशिवाय जाऊ नका म्हणून?"

"हो आजोबा," त्यातली एक म्हणाली. "ती म्हणाली, तुमच्यापुढे सगळे माऊस मांडायचे. तुम्ही ज्याला शिव्या घालाल, तो डोळे झाकून घ्यायचा."

शनिवारी जातोय.